मान वाकडी झालेला ससा दारातून परत पाठवू नका : प्राण्यांच्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
लहान प्राण्यांचे दवाखाने चालवणारे सगळे डॉक्टर, आणि त्यांना शिकवणारे पशुवैद्यकीय कॉलेजांतले सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात एका दवाखान्याच्या दारावर नवी पाटी लागलेली बघितली. ससे, पक्षी व इतर लहान प्राणी तपासले जाणार नाहीत, इमर्जन्सीमध्येही नाही. मी शेजारच्यांच्या मांजरीचं औषध न्यायला गेले होते. माझ्या पुढे एक मुलगा उभा होता, विशीतला असेल, हातात बुटाचा खोका. त्याने पाटी वाचली, मग परत एकदा वाचली, मग आत जाऊन विचारून आला आणि खोका छातीशी धरून पायरीवर बसला. मी वाकून बघितलं तर आत करड्या रंगाचा ससा होता, मान पूर्ण उजवीकडे वळलेली, एक डोळा वर छताकडे आणि एक खाली पुठ्ठ्यावर घासलेला. मला त्या सशाकडे बघताना जे झालं ते शब्दात सांगता येणार नाही, कारण ही मान मी आधी दोनदा बघितलीय, माझ्याच घरात.

कुठला प्राणी तपासायचा हे ठरवायचा हक्क तुमचा आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ती पाटी वाचून मला गप्प बसवेना, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. ससे पाळणाऱ्यांनीही वाचावं, त्यांच्याही कामाचं आहे.

माझ्याकडे अकरा वर्षं ससे आहेत. पहिला भुरा. तो पाच वर्षांचा असताना एका संध्याकाळी त्याची मान जराशी डावीकडे कललेली दिसली, मला वाटलं काहीतरी ऐकतोय, सकाळी उठून बघते तर तो पिंजऱ्यात लोळत होता, म्हणजे अक्षरशः लाटणं फिरावं तसा, थांबायचा आणि परत फिरायचा. डॉक्टरांनी टेबलापासून दोन हात लांबून बघितलं आणि म्हणाले मेंदूत गेलंय, पॅरालिसिस आहे, हाल होतील, मोकळं करा बिचाऱ्याला. मी विचारलं काहीच औषध नाही का, तर म्हणाले सशांना याच्यावर काही नसतं. मी सही केली. आत शिरल्यापासून रिकामा टॉवेल घेऊन बाहेर येईपर्यंत पंधरा मिनिटं लागली असतील.

नंतर तीन वर्षांनी टिकली. पांढरीशुभ्र, कपाळावर एकच काळा ठिपका. चार वर्षांची होती, वजन पावणेदोन किलो. पहाटे साडेपाचला धपधप आवाज आला म्हणून उठले आणि दिवा लावला तर तेच सगळं. मान वाकडी, अंग गोल फिरतंय, आणि डोळ्यांची बुबुळं एका बाजूला झटक्याने सरकतायत, हळूच परत येतायत, परत झटका. या वेळेला मी ठरवलं होतं की पहिल्या पंधरा मिनिटात सही करणार नाही.

पहिल्या दवाखान्यात परत तेच ऐकलं, स्ट्रोक आहे, झोपवून टाका. मी नुसतं बघत उभी होते आणि सवयीने पर्समधली कोथिंबिरीची काडी तिच्या तोंडाशी धरली, डॉक्टर, तिने ती खाल्ली. टेबलावर, वाकड्या मानेने, डोळे फिरत असताना, पूर्ण काडी खाल्ली आणि अजून शोधायला लागली. मी म्हटलं, खातेय ती. ते म्हणाले, ते रिफ्लेक्स असतं. मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि निघाले.

दुसऱ्या ठिकाणी रिसेप्शनवरूनच नाही म्हणाले. तिसरीकडे फोन लागला तो एका तरुण डॉक्टर मॅडमना. त्या जे बोलल्या ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "मी ससे फार बघितलेले नाहीत, पण मला एक तास द्या, मी वाचते, एका सीनियरना विचारते आणि तुम्हाला फोन करते. तोपर्यंत ती खात असेल तर खाऊ द्या, आणि अंगाला सगळीकडून टॉवेलचा आधार द्या." पन्नास मिनिटात फोन आला. टिकली आज आहे. मान अजून थोडी डावीकडे असते, पळते, उडी मारते, चिडली की पाय आपटते. मला ज्या सगळ्या तक्रारी मांडायच्यात त्या या एका तासावरून सुरू होतात.

पहिली तक्रार घाईची. मान वाकडी होणं हा रोग नाही, लक्षण आहे, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं, मला ते नंतर वाचून कळलं. तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात आणि तिथून मेंदूपर्यंत आहे, त्यात कुठेही बिघाड झाला की डोकं कलतं. बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघतं, मधल्या किंवा आतल्या कानातलं बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, नाहीतर ई. क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी. मार लागणं, गाठ, स्ट्रोक हेही असू शकतं पण ती यादीत खाली येतात. आणि लोळणं म्हणजे फिट नाही, पॅरालिसिस तर नाहीच. त्या प्राण्याला जग गरगर फिरताना दिसतंय, जमीन कुठे आहे ते कळत नाहीये, म्हणून तो घाबरून पाय मारतो आणि गोल फिरतो. पॅरालिसिस झालेला पाय जोर लावत नाही, टिकलीच्या पायांना इतका जोर होता की माझ्या हातावर ओरखडे उठले होते. अंगाला घट्ट धरल्यावर ती शांत व्हायची, शुद्धीत असायची, माझा आवाज ओळखायची. ही एवढी गोष्ट टेबलावर दोन मिनिटं बघितली तरी कळते.

दिसायला ते भयंकर दिसतं हे मी मान्य करते, कारण मी ते बघितलंय. पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाला वाटतं की हा आता जाणारच. पण हालत किती भयंकर दिसतेय यावरून तो जगणार की नाही ते ठरत नाही. पहिल्या दिवशी सतत लोळणारे ससे काही आठवड्यांनी स्वतःच्या पायावर चालतात. कधीकधी झोपवणं हाच दयाळू मार्ग असतो, तेही मला मान्य आहे, उपचार देऊनही जो खात नाही, उतरतच चाललाय, त्याला ताटकळत ठेवू नये. माझं म्हणणं एवढंच की ते उपचारानंतर ठरवा. उपचाराऐवजी नको.

दुसरी तक्रार, कान बघितलाच नाही. ना भुऱ्याचा, ना टिकलीचा. कान लोंबणाऱ्या जातींमध्ये तर कानाचा त्रास आणखी जास्त आढळतो, आणि सशाचा पू पातळ नसतो, टूथपेस्टसारखा घट्ट असतो, तो आपोआप वाहून जात नाही, पडद्यामागच्या हाडाच्या पोकळीत महिनोन्‌महिने साचून राहतो. बाहेरून पडदा ठीक दिसला तरी मागे भरलेलं असू शकतं, एक्सरे साफ आला म्हणूनही निश्चिंत होता येत नाही, सीटी स्कॅनमध्ये जास्त नीट दिसतं. सगळीकडे सीटी नसतो, ठीक आहे. पण कानात बघायचं यंत्र तर प्रत्येक दवाखान्यात असतं ना. आणि चेहरा बघा. चेहऱ्याची नस मधल्या कानाजवळून जाते, त्यामुळे मान वाकडी आणि त्याच बाजूचा ओठ ओघळलेला, पापणी मिटत नाही, असं असेल तर कानाकडे बोट दाखवलं जातं. बुबुळं आडवी झटकतायत की उभी, तेही बघा, उभी झटकत असतील तर मेंदूकडचा संशय वाढतो. टिकलीची आडवी होती. हे कोणी लिहून घेतलं? फक्त त्या तिसऱ्या मॅडमनी.

तिसरी गोष्ट परजीवीची, आणि इथे मला जास्त वाईट वाटतं. ई. क्युनिक्युली सशांमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला तो 1922 साली, पाय लुळे पडलेल्या सशांमध्ये. शंभर वर्षं होऊन गेली. तो सशाच्या लघवीतून पसरतो, आईकडून पोटातल्या पिल्लाकडे जातो, मेंदू, किडनी आणि डोळ्याच्या भिंगात घर करतो. कितीतरी ससे तो अंगात घेऊन आयुष्यभर धडधाकट राहतात, म्हणून रक्तात अँटीबॉडी सापडल्या की आजार त्यामुळेच आहे असं म्हणता येत नाही, उलट अँटीबॉडी नसल्या तर हे कारण बरंचसं मागे पडतं. आणि याच्यावर दिलं जाणारं फेनबेन्डाझोल हे काही जगाच्या पाठीवर कुठेतरी मिळणारं औषध नाही हो, ते जंताचं औषध आहे, कुत्र्यांना तुम्ही रोज देता, तुमच्या कपाटात पडलेलं असतं! नेहमीचा कोर्स किलोला 20 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, 28 दिवस. टिकलीला 35 मिलिग्रॅम बसत होतं. अनेक अनुभवी डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता ते सुरू करतात, कारण सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे. क्वचित काही सशांमध्ये त्याने अस्थिमज्जेवर परिणाम होतो, रक्तातल्या पेशी कमी होतात, म्हणून मॅडमनी मधेच रक्त तपासलं, आणि डोस मोजताना दर आठवड्याला वजन केलं. भुऱ्याला "सशांना काही नसतं" म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या मागच्या कपाटातही ते असेल बहुतेक. हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

चौथी तक्रार सगळ्यात गंभीर, चुकीच्या औषधांची. ससे पाळणारे आम्ही एकमेकांना ओळखतो, बोलतो, आणि एकच कथा इतक्यांदा ऐकलीय की आता कोणी सुरुवात केली की शेवट माहीत असतो. मान वाकडी झाली, दवाखान्यात अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं, तीन-चार दिवसात जुलाब लागले आणि गेला. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन सशाला द्यायची नसतात. त्याचं पचन आतड्यातल्या चांगल्या बॅक्टेरियांवर चालतं, ही औषधं तेच मारतात, मग क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक बॅक्टेरिया वाढतात आणि त्यांचं विष चढतं. पेनिसिलिन इंजेक्शनने देतात, तोंडाने नाही. सशाला चालणारं एन्रोफ्लॉक्सासिन आहे, सल्फा-ट्रायमेथोप्रिम आहे, अझिथ्रोमायसिन आहे, आणि कानाच्या इन्फेक्शनला ते पाच दिवसात थांबवून चालत नाही, चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पाच दिवसांचा कोर्स लिहून देणं म्हणजे सशाच्या घट्ट पुवाबद्दल माहिती नसणं.

स्टिरॉइडचंही तेच. सूज उतरावी म्हणून सरळ स्टिरॉइड टोचलं जातं, पण ससा स्टिरॉइडला फार नाजूक आहे, प्रतिकारशक्ती पडते आणि अंगातलं इन्फेक्शन, मग ते बॅक्टेरियाचं असो की परजीवीचं, वर डोकं काढतं. दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम आहे, किडनी आणि अंगातलं पाणी ठीक असेल तर. चक्कर कमी करायला मेक्लिझिन आहे. कानात पडदा फाटलाय की नाही ते न बघता थेंब टाकले तर काही औषधांनी आतला कान आणखी बिघडतो. पिसवा म्हणून फिप्रोनिल लावू नका, सशांना ते मारक आहे. आणि भूल द्यायच्या आधी रात्रभर उपाशी ठेवा असं सांगू नका, ससा उलटी करूच शकत नाही, आणि उपाशी राहिला की त्याचं आतडं बंद पडतं. हे सगळं कुठल्याही सशांच्या चांगल्या पुस्तकात पहिल्या काही पानांत असतं, मी डॉक्टर नसून मला सापडलं.

पाचवी तक्रार अशी की घरी काय करायचं ते कोणी सांगत नाही. औषधाची चिठ्ठी मिळते, बास. पण मान वाकडी झालेला ससा जगतो तो अर्धा औषधावर आणि अर्धा घरच्या सांभाळण्यावर, आणि नऊ आठवडे मी ते केलंय म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मोठ्या पिंजऱ्यातून टिकलीला काढलं आणि लहान पेटीत ठेवलं, चारी बाजूंनी टॉवेलच्या गुंडाळ्या, खाली घसरणार नाही असं जाड अंथरूण. जागा कमी असली की लोळायला वाव मिळत नाही आणि अंगाला काहीतरी टेकलेलं असलं की त्यांना जमीन कुठे आहे ते समजतं. उचलताना हवेत लोंबकळत ठेवायचं नाही, ते सगळ्यात घाबरवतं, माझ्या पोटाशी घट्ट दाबून आणि हळू. मान सरळ करायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, तिच्यासाठी तो कोन म्हणजेच सरळ. खालच्या बाजूचा डोळा अंथरुणावर घासतो आणि नीट मिटत नाही, त्याला जखम होते, त्यात दिवसातून चार-पाच वेळा डोळ्याचे ओलावा देणारे थेंब. मॅडमनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं नसतं तर टिकलीचा डावा डोळा गेला असता.

खाणं. ससा दहा-बारा तास काही खाल्ल्याशिवाय राहिला तर ती इमर्जन्सी आहे, मान वाकडी नसली तरी, आणि इथे तर आहेच. चक्कर येत असल्यामुळे वाडगा समोर असून तोंड पोचत नाही, मग लोकांना वाटतं खायची इच्छा नाही. तोंडाशी धरा, गवताची काडी काडी धरा, ओली पालेभाजी धरा, त्यातून पाणीही जातं. नळीच्या बाटलीपर्यंत तिला पोचता येत नव्हतं, उथळ वाटी ठेवली तेव्हा पाणी प्यायली. पहिले सहा दिवस ते पुरलं नाही, मग पेलेट, म्हणजे सशांच्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या, भिजवून पातळ करून सिरिंजने, तीन-चार तासांनी एकदा, रात्री अलार्म लावून. अंग सरळ, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, सिरिंज पुढच्या दातांच्या मागे बाजूने, थोडं थोडं, ती गिळेपर्यंत थांबायचं, घाई केली की श्वासनलिकेत जातं. लेंड्या मोजायच्या, हो, मोजायच्या, मी वहीत लिहायचे, सकाळी इतक्या, रात्री इतक्या, आकार केवढा. मागून ओलं राहतं, ते पुसून कोरडं करायचं, कारण वाकून स्वतःला साफ करता येत नाही आणि मऊ लेंड्या, ज्या ससा स्वतः खातो, त्या तिथेच चिकटून राहतात.

दहाव्या दिवशी लोळणं थांबलं. तिसऱ्या आठवड्यात ती भिंतीला अंग टेकवून चार पावलं चालली. पाचव्या आठवड्यात एक दिवस परत बिघडलं आणि मी खूप रडले, मॅडम म्हणाल्या असं वर-खाली होतं, औषध थांबवू नका. नवव्या आठवड्यात तिने दोन्ही पुढच्या पंजांनी तोंड धुतलं, न पडता. सशांसोबत राहिलेल्या माणसाला हे वाचून कळेल की त्या दिवशी घरात काय झालं असेल.

घरात दुसरा ससा असेल तर त्याचंही विचारा, हे पण कोणी सांगत नाही. परजीवीचे बीजाणू लघवीतून पडतात आणि बाहेर काही आठवडे टिकतात, त्यामुळे लघवीची जागा रोज साफ करायची, उकळत्या पाण्याने किंवा पातळ केलेल्या ब्लीचने, ससा तिथे नसताना. माणसांत ज्यांची प्रतिकारशक्ती खूप कमी आहे त्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं, बाकीच्यांनी हात धुवावेत. जोडीदार मात्र सहसा तोडू नये, तो बहुधा आधीच संपर्कात आलेला असतो आणि शेजारी बसला तर आजारी सशाला धीर येतो.

आता कॉलेजातल्या सर-मॅडमना. त्या तरुण डॉक्टरना मी एकदा विचारलं की तुम्हाला ससा शिकवलाच नव्हता का. त्या म्हणाल्या शिकवला ना, प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून, किती वजन, किती रक्त काढायचं, गर्भ किती दिवसांचा. आजारी पडला तर त्याला कसं बरं करायचं हे नाही, कारण तो बरा करायचा प्राणी म्हणून पुस्तकात नव्हताच. मला यात तुमचा दोष दाखवायचा नाही, पुस्तक ज्या काळात लिहिलं गेलं तेव्हा ससे घरात सोफ्याखाली झोपत नसतील. आता झोपतात. आणि त्यांना सांभाळणारी माणसं तुमच्याच विद्यार्थ्यांच्या दारात उभी राहतात, बुटाचा खोका घेऊन. विद्यार्थी हुशार असतो, त्याला फक्त कोणी दाखवलेलं नसतं की ससा मुद्दाम आजार लपवतो, कारण निसर्गात तो शिकार आहे, आणि म्हणून जेव्हा तो आजारी दिसतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. एवढं एक वाक्य जरी डोक्यात असलं तरी "उद्या घेऊन या" असं तोंडातून निघणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा उद्यापासून करता येतील.

तुम्ही ससे बघत नसाल तर पाटीवर खाली एक ओळ वाढवा, जवळपास कोण बघतं त्याचं नाव आणि फोन. नुसतं नाही म्हणू नका, कुठे जायचं ते सांगा. ही मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

इमर्जन्सीत ससा आला तर निदान पहिला आधार द्या. ऊब, पाणी, गरज असेल तर कातडीखाली सलाइन, दुखण्याचं औषध, आणि मालकाला टॉवेलच्या गुंडाळ्यांबद्दल दोन वाक्यं. त्याला सशांचं स्पेशलायझेशन लागत नाही.

पहिल्या भेटीत झोपवायचा सल्ला देण्याआधी कान बघा, चेहरा बघा, बुबुळं बघा, आणि तोंडाशी काहीतरी खायला धरा. खाल्लं तर त्या मालकाला उपचार हा पर्यायसुद्धा सांगा, खर्च, वेळ, मान थोडी वाकडी राहू शकते, परत उलटू शकतं, सगळं सांगा आणि मग त्याला ठरवू द्या.

कुठली औषधं सशाला द्यायची नाहीत याची यादी औषधांच्या कपाटावर आतून चिकटवा. एक कागद पुरे.

कॉलेजांनी सशाला कुत्रा-मांजरासारखा पाळीव पेशंट म्हणून शिकवावं, थोडे तास का होईना, आणि त्यात मान वाकडी होणं आणि आतडं बंद पडणं हे दोन विषय नक्की असावेत. डॉक्टरांच्या संघटनांनी जे आधीच शिकून बसलेत त्यांच्यासाठी एखादं शिबिर ठेवावं. तिथे मालकाची बाजू सांगायला कोणी हवं असेल तर मी येईन, वही घेऊन, लेंड्यांच्या आकड्यांसकट.

आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी "मला माहीत नाही, एक तास द्या" असं म्हणावं. यात कुठलाच कमीपणा नाही. त्या वाक्याने माझ्या मनात डॉक्टरांबद्दल जो आदर बसला तो कुठल्याही भिंतीवरच्या सर्टिफिकेटने बसला नव्हता.

ससे पाळणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी, पत्र तुमच्यासाठी नसलं तरी. मान थोडीशी जरी कललेली दिसली, एक कान सारखा खाजवतोय, उडी चुकतेय, चालताना एका बाजूला झुकतोय, तर त्याच दिवशी जा, सकाळची वाट बघू नका, मी भुऱ्याच्या वेळी बघितली होती. आणि आजार यायच्या आधीच, ससा ठणठणीत असताना, तुमच्या भागात ससे कोण बघतं ते शोधून नंबर ठेवा.

त्या दिवशी पायरीवर मी त्या मुलाला मॅडमचा नंबर दिला आणि त्याच्यासोबत गेले. खोक्यातल्या सशाच्या उजव्या कानात पू निघाला. कानासाठी अँटिबायोटिक चालू आहे, आणि दुसरं कारण सुटू नये म्हणून फेनबेन्डाझोलही सुरू केलंय. त्याचा आज औषधाचा आठवा दिवस, काल रात्री साडेअकराला मुलाचा मेसेज आला की त्याने स्वतःहून गवत ओढून खाल्लं. अठ्ठावीसातले अजून वीस दिवस बाकी आहेत, आणि कानाचं औषध त्याच्याही पुढे.

आपली नम्र,
भुऱ्या आणि टिकलीच्या घरची